मागची गाडी

शाहूपुरीत खाली स्पेअर पार्टचं दुकान, मधल्या मजल्यावर घर आणि माडीवर चिरागची खोली. व्हिडिओ गेम खेळायचे आणि मग कॅमेऱ्यासमोर बसून त्यांच्या जमेच्या आणि पडत्या बाजू सांगायच्या, हा त्याचा उद्योग. बोलायचा फटकळ. कोल्हापूरचा माणूस गोड बोलायला लागला तर ऐकणाऱ्याला संशय येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

उन्हाळ्यात घेतलेल्या एका गेमबद्दल मात्र सांगायचं राहूनच गेलं होतं. स्टॉक कारच्या शर्यतीचा गेम. दिसायला रस्त्यावरच्या साध्या गाड्या, पोटात दांडगी इंजिनं, लांबट गोल ट्रॅक, आणि शर्यतभर फक्त डावीकडं वळायचं. "ह्यापरास घाण्याचा बैल बरा की," असं भावाचा मित्र सम्राट पहिल्याच दिवशी म्हणाला होता. पण चिरागला गेम आवडला होता. टेबलावर बसवलेलं स्टेअरिंग हाताला खरं लागायचं, टायर झिजले की गाडी मागून सरकायची. पडती बाजू एकच, पण मोठी. गाडी भिंतीवर कितीही आपटा, पत्र्याला ओरखडा उमटायचा नाही.

सगळ्यात मोठी जमेची बाजू त्याला सांगवत नव्हती. हा गेम खेळणाऱ्याची गाडी चालवायची रीत शिकून घ्यायचा, आणि तो माणूस नसला तरी त्याच्या नावानं त्याच्यासारखीच गाडी पळवायचा. म्हणून चिरागच्या भावाची, अनेकांत आण्णाची, पिवळी गाडी अजून ट्रॅकवर धावत होती.

अनेकांत थोरला. दुकान तोच चालवायचा. श्रावणात पन्हाळ्याच्या रस्त्यावर कुठल्याशा गाडीनं त्याच्या मोटारसायकलला मागून उडवलं आणि न थांबता निघून गेली. अनेकांत जागच्या जागी गेला, आणि ती गाडी पोलिसांना सापडली नाही. तेव्हापासून चिरागला एकच हवं होतं, तो माणूस. सापडला की त्यालाही तसंच रस्त्यावर लोळवायचं. मुंगी चुकवून चालणाऱ्या जैनाच्या घरात असलं बोलायची सोय नव्हती, म्हणून तो गप्प होता एवढंच.

पिवळी गाडी अगदी आण्णासारखी चालायची. कुणाला धक्का नाही, रेटारेटी नाही. वाट मिळेपर्यंत मागं थांबायची.

सम्राट हा आण्णाचा मित्र, मंगळवार पेठेतला. आण्णा गेल्यावर त्यानं या घराला आधार दिला होता. क्षमावाणीच्या दिवशी तर तो आपण होऊन आला. पर्युषण संपलं की जैन घरांतून सगळे एकमेकांची क्षमा मागतात. काय चुकलं ते कुणी विचारत नाही. सम्राट जैन नव्हे, तरी आईपुढं हात जोडून म्हणाला, "जाणता-अजाणता काय चुकलं असंल तर क्षमा करा, आई." आईनं क्षमा म्हटलं, चिरागनंही म्हटलं. परक्या घरच्या पोरानं आपली रीत पाळली म्हणून आईला दिवसभर त्याचं कोण कौतुक!

दिवाळीनंतर एकदा उन्हं कलताना सम्राट व्हिडिओच्या मदतीला म्हणून स्टेअरिंगवर बसला. तिसऱ्या वळणावर पिवळ्या गाडीनं त्याला मागून ठोकलं. त्याची गाडी भिंतीवर गेली.

"आण्णा तापलाय," चिराग हसला.

परत शर्यत लावली. परत तेच वळण, परत तीच धडक. सम्राट हसला नाही.

गेममध्ये खोट दिसली की चिराग हात धुऊन तिच्या मागं लागायचा. त्यानं गेममधलं सम्राटचं नाव बदललं, गाडी बदलली, रंग बदलला. धडक काही चुकली नाही. शेवटी चालू शर्यतीत सम्राटला उठवून तो स्वतः बसला. पिवळी गाडी लगेच मागं राहिली, पूर्वीसारखी, बेतानं.

"धर आता."

सम्राटनं स्टेअरिंग धरलं मात्र, ती झेपावली.

स्टेअरिंगवर कोण बसलंय हे गेमला कळायला काही वाटच नव्हती. खोलीत कॅमेरा एकच, आणि तो कापडाखाली झाकलेला.

चिरागनं शर्यत थांबवून चित्र मोठं केलं. जिथं ओरखडा उमटत नाही, तिथं सम्राटच्या गाडीला पोचा पडला होता. धडक बसली होती मागून. पोचा पुढं होता, डाव्या दिव्याखाली.

सम्राटच्या कपाळावर घाम आला.

"हे... तुला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"काय सांगितलं?"

सम्राटची नजर त्या पोच्यावरून हलेना.

"श्रावणात तुझी गाडी चंदगडला मामाकडं हुती," चिराग सावकाश म्हणाला. "येताना रंगवून आणलीस."

"पाऊस हुता रं. दिसलाच न्हाय त्यो मला." मग सम्राटचा आवाज चढला. "आन् तू क्षमा केलीयास की! आईनं बी केलीया. शब्द हाय तुमचा!"

चिराग एक पाऊल पुढं सरकला. इतके महिने ज्याच्यावर दात खाल्ले तो हाताच्या अंतरावर बसला होता, आणि हात आईच्या शब्दानं बांधलेले. क्षमा फसवून नेली होती. पण दिली होती.

"केली," तो म्हणाला. "म्या केली, आईनं केली. आण्णाला इचारलंस काय?"

सम्राटनं स्क्रीनकडं बघितलं.

शर्यत थांबवलेलीच होती. तरी पिवळी गाडी वळून उभी होती, तोंड खोलीकडं करून.

सम्राट धडपडत जिना उतरला. रस्त्यावर त्याची गाडी सुरू झाली.

चिरागनं वळून बघितलं तेव्हा ट्रॅक रिकामा होता.

टेबलावरचं स्टेअरिंग हललं. डावीकडं वळलं आणि सरळ झालं. खिडकीतून दिसलं, सम्राटची गाडी कोपऱ्यावरून डावीकडं वळून निघून गेली होती.

चिरागनं वायर उपसली. स्टेअरिंग थांबलं नाही.

त्यानं फोन उचलला. सम्राटचा नंबर वरच होता. 'थांब' एवढंच म्हणायचं. दुसरा हात त्यानं स्टेअरिंगवर ठेवला. आतून जोर लागत होता. सावकाश, ओळखीचा.

आण्णाला अडचण नको म्हणून त्यानं हात काढून घेतला. फोन पालथा ठेवला.

"दिवस मावळायच्या आत जेवून घ्या रं," आईनं खालून हाक दिली. "सम्राट गेला काय?"

स्टेअरिंग हळूहळू डावीकडं वळायला लागलं होतं.

"न्हाय अजून," चिराग म्हणाला.