फी आणि पिश

पेनांगच्या विद्यापीठातल्या कँटीनमध्ये मी मासा मागितला, तोही इंग्रजीत. आम्हा व्हिएतनामी माणसांच्या तोंडात शब्दाचा शेवट राहूनच जातो. ‘फिश’चं झालं ‘फी’.

“फी ऑफिसात भर, पोरी!” वाढणाऱ्या काकू म्हणाल्या.

मागून कुणीतरी मदतीला धावलं. “काकू, तिला पिश हवंय... पिश!”

मी वळले. हातात रिकामं ताट, गालात हसू. हा गिलांग, इंडोनेशियातल्या गारुतचा. त्याच्या गावाकडे ‘फ’चा सर्रास ‘प’ होतो.

“आपण दोघं मिळून एक मासा होतो बघ,” तो म्हणाला.

“आणि मी शिकायला आलेय मासेच!”

“मग काय, मीपण तेच!”

सत्र संपायच्या आत मला माझ्या संशोधनाचा आराखडा इंग्रजीत मांडायचा होता. जमलं नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि मी परत माझ्या गावी, ह्युएला. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर सराव करायचो. मी ‘श’ गिळला की त्याची भुवई उडायची. त्याच्या ‘फ’साठी मी तळहात पुढे धरायचे.

“वारा लागला तर ‘फ’. थाप लागली तर ‘प’. म्हण.”

त्याने म्हटलं. अगदी हळू...

“लागला?”

“अं... नाही. पुन्हा म्हण.”

लागला होता की!

आराखड्याच्या दिवशी तिसऱ्याच वाक्याला परीक्षकांनी हात वर केला. “काही कळलं नाही. पुन्हा सांगा.”

मागच्या बाकावरून गिलांग ओठांनी शब्द पुरवू लागला. मी मान हलवली — नको.

“सर, मी हळू सांगते,” मी म्हणाले. “तुम्हीही जरा हळू ऐका.”

सगळे हसले, परीक्षकसुद्धा. शेवटचे सगळे ‘श’ आले की नाही, देव जाणे. पण पुढचे प्रश्न माझ्या माशांवर होते, जिभेवर नव्हते. मी पास झाले.

बाहेर तो माझी वाट बघत उभा होता.

“दिएप... मला तुला काही सांगायचंय. पण इंग्रजीत ‘यू’ म्हणजे ‘यू’. राजालाही तेच, कुत्र्यालाही तेच. तुमच्या भाषेत तू मला काय म्हणशील?”

“तू माझ्याहून लहान. म्हणजे ‘एम’. धाकटा भाऊ.”

त्याचा चेहरा असा काही पडला!

“दुसरा शब्द नाही?”

“आहे. ‘आन्’. थोरल्या भावाला म्हणतात.”

“भाऊच का सारखा?”

“...आणि ज्याच्यावर जीव जडलाय, त्यालाही. तिथे वय बघत नाहीत.”

मी त्याच्या बाहीला धरून ओढलं.

“चल ना, आन्. भूक लागलीय.”