गोंबोच्या खोक्यातला सूर्य

त्या दिवशी मी कांदे काढायला फळीपाशी गेले होते, एवढंच. मटणाचं सारण करायचं होतं.

कांदे मी गोंबोच्या खोक्यात ठेवायची. गोंबो म्हणजे सूर्यावर नजर ठेवायच्या आमच्या ठाण्यावरचा म्हातारा. मैदानात पांढऱ्या थाळ्यांच्या रांगा आहेत ना, त्या दिवसभर सूर्याकडं तोंड करून त्याचा आवाज पकडतात. गोंबोनं त्यांना एक स्पीकर जोडला होता, लाकडी खोक्यात. एरवी नुसती खरखर यायची. मधूनच फस्स. "सूर्य शिंकला," गोंबो म्हणायचा, मान वर करायचा नाही. पण कधीतरी लांबलचक आवाज यायचा... वरून खाली, आणखी खाली, लादलेली गाडी उतारावरून घसरत यावी तसा. तेव्हा गोंबो चहाचा वाडगा पालथा घालायचा.

"नोर्जिमा, हा एकटा येत नाही. याच्या मागून कण येतात."

डोळ्याला दिसत नाहीत म्हणे, पण माणसाच्या आरपार जातात. आपण हवेच्या गोधडीखाली, आपल्याला काही नाही. वर अवकाशात कुणी उघड्यावर असला, तर त्याचं कठीण.

मी स्वयंपाकीण बाई, पण तो आवाज हुबेहूब काढायची. दाराआड उभी राहून काढला, की गोंबो मांडीवर चहा सांडायचा. "मेल्यावरसुद्धा सोडायची नाहीस तू मला."

यंदा बर्फ वितळताना गेला तो. नव्या साहेबांनी वायर कापली, आता सगळं पडद्यावर दिसतं. खोकं मी मागून घेतलं. आमच्यात मेलेल्याचा चहा विस्तवावर घालतात. मी नाही घातला. सकाळी पहिला चहा सूर्याकडं उडवते, त्यातच त्याचाही उडवला. म्हटलं, जा, आता जवळून ऐक.

थट्टाच केली. दुसरं काय.

तर कांदे काढायला हात घातला आणि खोकं बोलायला लागलं. लांब... वरून खाली. वायर तर तुटकी, खिळ्याला लोंबत होती.

शेजारच्या खोलीत सोयोल्मा पडद्यासमोर होती, आता त्यावर लक्ष ठेवायचं काम तिचं. तिचा नवरा बुलात वर अंतराळस्थानकात असतो. त्या दुपारी स्थानकाबाहेर लोंबकळून काहीतरी दुरुस्त करत होता. पोरगी सकाळपासून धड जेवली नव्हती.

"आजी, आज नको हं," ती तिथूनच म्हणाली.

"मी नाही गं."

"दर वेळी हेच म्हणता."

"अगं, मी बोलतेय ना तुझ्याशी? मग तो आवाज कोण काढतंय?"

ती दारात आली. मी तोंडावर पदर दाबून उभी. आवाज चालूच. मग कांद्यांचा वास यायला लागला, भाजल्यासारखा. हात लावला तर चटका बसला.

ओट्यावर माझा भरलेला वाडगा पालथा होता. थेंबसुद्धा सांडला नव्हता.

"पडद्यावर काही नाही, आजी..."

"त्याच्या साहेबांना फोन कर. त्याला आत घ्यायला सांग."

"काय सांगू? कांद्याच्या खोक्यानं सांगितलं म्हणून?"

"माझ्यावर घाल. म्हण, म्हातारीला वेड लागलंय."

तिनं फोन लावला. काय थाप मारली कुणास ठाऊक, रडत रडतच मारली. बुलात दारापासून लांब होता. तो हातावर हात टाकत परत निघाला, आणि खोकं बोलल्यापासून आठ मिनिटांनी पडद्यावर त्याच आवाजाची रेघ उमटली. वरून खाली.

मागून कण आले, ते बुलात जाड भिंतीच्या खोलीत शिरल्यावर. ते आठ मिनिटं आधी कळलं, त्यावर निभावलं.

संध्याकाळी सोयोल्मा हळूच म्हणाली, "आजी, सूर्याचा आवाज इथं पोचायलाच आठ मिनिटं लागतात. आधी कुणालाच कळू शकत नाही. तिथंच कुणी असलं तर..."

मी चहा घेतला.

आता खोक्यात कांदे नसतात. सोयोल्मानं त्याला देवाला बांधतात तसा रेशमी निळा फडका बांधलाय. बुलात उद्या पुन्हा बाहेर पडणार, म्हणून सारखी तिथंच उभी असते.

आणि आज सकाळी मी बाहेर गाय पिळत होते, तर ती चिडून आली. "आजी, आज तरी..." बोलता बोलता माझ्या हातातली बादली बघितली आणि मागं वळली. आत खोकं बोलत होतं.

आवाज गोंबोचा नव्हता. माझा होता. दाराआडून काढते तोच. शेवटी मला हसू आवरत नाही ना, तेसुद्धा होतं त्यात.

आठ मिनिटं गेली. दुपार गेली. पडद्यावर काही नाही. सोयोल्मा विचारते, "उद्या त्याला जाऊ देऊ का? हे खरं मानू की थट्टा?" मला कसं कळावं? त्या आवाजात मी जन्मात कधी खरं बोलले नाही.

पण गोंबो आधी मेला, मग सूर्यावर गेला, मग बोलला. मी तर अजून इथंच आहे.

पोरा, ऐकत बसलायस तर दिवा जवळ आण. माझा हात धर बघू... एवढा गरम का लागतोय? आणि कांदा भाजल्याचा वास येतोय का रे तुला? चूल तर मी कधीच विझवलीय.