उजवीकडे थांबलेली

"नियम शिकायचे नाहीत, काही नाही. सायकल घ्यायची आणि सुटायचं. मग काही झालं की आहेच मंडळ धावपळ करायला."

माझ्या मानेमागे कुणीतरी पुटपुटलं. इतक्या जवळून, की कानाला श्वास लागला.

मेलबर्नच्या पॉइंट कुकमधलं आपलं नेहमीचं किराणा दुकान. रविवारची रांग. माझ्या हातात कढीपत्ता.

मी वळले. मागे मराठी मंडळाची श्यामला.

"अगं बाई, सुनीती! तू होय?" तिचा चेहरा कसनुसा झाला. "तुमच्या विनिताबद्दल नव्हते हं म्हणत. ही स्टुडंट पोरं म्हणजे... इन जनरल."

इन जनरल!

कढीपत्ता तिथेच काउंटरवर टाकला आणि बाहेर पडले. आणखी एक मिनिट थांबले असते, तर इन जनरल काहीतरी बोलून बसले असते.

त्याच संध्याकाळी जे झालं, ते आज सांगतेय. सगळं खरं आहे. हसायचं त्याने खुशाल हसावं. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जुलै २०२४ मधला एक रविवार, उन्हं कलायची वेळ, आणि आमच्या घराजवळचा चौक.

रोज हजार गाड्या जातात तिथून.

पण आधी विनिताबद्दल सांगायला हवं.

करोनानंतर दारं उघडली आणि मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांचा पूर आला. राहायला खोल्या मिळेनात. एकेका हॉलमध्ये चार-चार गाद्या. आमची वरची खोली रिकामी होती, ती आम्ही विनिताला दिली. विनिता मोहिते, कराडची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. ही इथे मास्टर्स करायची आणि सुपरमार्केटमध्ये शिफ्ट करायची. जायची-यायची एका जुन्या सायकलवर.

त्या सायकलचा ब्रेक वाजायचा.

चीं...ईं.

"सायकलवाल्याची पोर ना गं तू?" मी म्हणायचे.

"म्हणूनच काकू. आमच्या घरात कधी कुणी ब्रेक नीट केलाय का? दुसऱ्यांचे करण्यातच दिवस जातो."

अशी होती. मला मुलगी नाही. तिने तसं कधी वाटू दिलं नाही.

आता तो चौक. चारही बाजूंना स्टॉपची पाटी. इकडे असे चौक फार नाहीत, आणि नियम सोपा आहे. थांबायचं. उजवीकडे बघायचं. उजवीकडे कुणी थांबलं असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही आधी आलात की तो, याच्याशी काही देणंघेणं नाही.

गाडी मी चाळिशीत शिकले. नियमांचं पुस्तक डिक्शनरी घेऊन स्वतः वाचलं. त्यामुळे माझं एकेक कलम पाठ. ते सगळं मी विनिताला शिकवलं. सायकलला तोच नियम, हेही.

आणि एक गोष्ट पुस्तकात नव्हती, ती माझ्या पदरची.

"समोरचा कितीही हात करू दे, जा-जा म्हणू दे. हात म्हणजे नियम नाही. तू उजवीकडे बघ."

हे मी कुणावरून शिकले होते? माझ्या नवऱ्यावरून.

शिरीष पुण्याचा, पण इथे यायच्या आधी आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत होतो. तिथे अशा चौकात जो आधी आला तो आधी जातो. आणि शंका असेल तर समोरच्याला हात करायचा, ही तिथली रीत. इकडे येऊन एवढी वर्षं झाली, तरी त्याचा तो हात काही सुटला नव्हता. खिडकीशी पंजा वर करायचा, गोड हसायचा, आणि समोरचा गोंधळून जायचा.

"सभ्यपणा असतो गं थोडा," म्हणायचा.

तर २०२३ चा जुलै. असाच रविवार.

शिरीष नीलला क्लासहून घेऊन येत होता. नील आमचा मुलगा, तेव्हा पंधराचा, शेजारच्या सीटवर. चौकात ते थांबले. त्यांच्या उजव्या रस्त्याला विनिता थांबलेली, एक पाय टेकवून. आणि विनिताच्या उजवीकडून, म्हणजे शिरीषच्या बरोब्बर समोरून, एक यूट येऊन थांबली. ती मागे सामान ठेवायची उघडी गाडी असते ना, ती.

आधी यूटने जायचं. मग विनिताने. मग शिरीषने.

यूटवाला निघाला. मावळतीचं ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर.

आणि विनिताही निघाली.

शिरीष धावला. स्वतःचं जॅकेट तिच्यावर घातलं. अँब्युलन्स येईपर्यंत रस्त्यावर मांडी घालून बसला होता, तिचं डोकं धरून. मी पोचले तेव्हा त्याला काही ऐकू येत नव्हतं. सायकल बाजूला वाकडी होऊन पडली होती. विनिता अँब्युलन्समध्येच गेली...

पोलिसांना त्याने सांगितलं, "ती अचानक निघाली."

कराडला फोनवरही तेच. अचानक निघाली.

तिने उजवीकडच्याला जाऊ दिलं नाही, चूक तिचीच, असं ठरलं. आणि मग पॉइंट कुकपासून क्रेगीबर्नपर्यंतच्या उपनगरांतल्या सगळ्या आयटी मंडळींना एकदम वाचा फुटली. या मुलांना नियम माहीत नसतात. ही पोरं अशीच. जणू हे सगळे एअरपोर्टवरून उतरले तेच नियम पाठ करून!

माझी विनिता रिकाम्या रस्त्यावरसुद्धा पाय टेकवून उभी राहायची. मागून चालत येणारी मी वैतागायचे. "अगं, चिटपाखरू नाही, जा ना!"

"स्टॉप लिहिलंय ना काकू."

ती मुलगी अचानक निघाली?

कुणा परक्याने हात केला असता, तर ती हललीही नसती.

परक्याने...

मी शिरीषला विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर मिळालं असतं. नीलला विचारलं नाही. त्याने आपणहून काही सांगितलं नाही. वर्षभर आम्ही तिघं एका टेबलावर जेवलो आणि मीठ, लोणचं, परीक्षा, पाऊस, यांवर बोललो.

दर रविवारी दुपारी उशिरा, म्हणजे तिकडे बारा वाजायच्या आत, विनिताच्या वडिलांचा फोन यायचा. तब्येत, थंडी, सगळं विचारून झालं की ते थांबायचे. मग दर वेळी तेच.

"वहिनी, तेवढं एकच सांगा. आमच्या पोरीचं चुकलं होतं का?"

मी फोन शिरीषकडे द्यायचे. मुद्दाम द्यायचे.

"अपघात होतात हो दादा," शिरीष म्हणायचा, आणि गॅरेजमध्ये जाऊन काहीबाही आवरत बसायचा.

आणि मग चौकात ते सुरू झालं.

पहिल्यांदा सांगितलं शेजारच्या मॉरीन आजीने. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना म्हणाली, "काल चौकात एक मुलगी होती बघ, सायकलवाली. माझ्या उजवीकडे. मी थांबले, ती थांबली. हात केला, तर मान हलवली. नाही म्हणाली! किती वेळ उभी होते मी."

मी माझा डबा रस्त्याकडेला लावत राहिले.

मग पोस्टमन. मग समोरच्या घरातला नर्स मुलगा. मॉरीन दक्षिणेकडून आली होती, पोस्टमन पूर्वेकडून, नर्स उत्तरेकडून.

प्रत्येकाला ती दिसली होती...

उजवीकडेच.

कुठल्याही रस्त्याने या. ती तुमच्या उजवीकडे असायची. एक पाय टेकवून.

आणि कितीही हात करा, ती निघायची नाही.

मग घरातही. तिची शिफ्ट सुटायच्या वेळी मी ओट्याशी उभी असले, की गॅरेजच्या बाजूने यायचं...

चीं...ईं.

मी दार उघडायचे. कुणी नाही. नुसती थंडी आत यायची.

"ऐकलंस का?" मी विचारायचे.

"काय?" शिरीष म्हणायचा. पण त्याचा घास हातातच असायचा.

आता त्या रविवारी परत या. मी दुकानातून कढीपत्त्याविना बाहेर आले. अंगाचा नुसता जाळ होत होता. गाडीत दोघं माझी वाट बघत होते. नीलला नुकतं लर्नर लायसन्स मिळालं होतं, तो स्टिअरिंगवर. त्याला शिकवायला शेजारी मी. शिरीष मागे, नीलच्या पाठीमागच्या सीटवर.

नील निघाला. नेहमीच्या लांबच्या वळणाने. वर्षभर आमच्या घरातलं कुणी चौकातून जात नव्हतं, आणि का, हेही कुणी बोलत नव्हतं.

"आज चौकातून घे," मी म्हटलं.

"मम..."

"चौकातून घे म्हटलं ना."

"कशाला उगाच?" मागून शिरीष.

"तुला विचारलं नाही मी."

चौक आला. स्टॉपची पाटी. नीलने गाडी अगदी व्यवस्थित थांबवली.

उरलेल्या तिन्ही रस्त्यांवर एकेक गाडी थांबलेली होती.

कुणीच निघेना.

ऊन काचेवर आडवं पडलं होतं. मी डोळ्यांवर हात धरून बघितलं. समोरच्या गाडीतला म्हातारा... उजवीकडे बघत होता. डावीकडच्या गाडीतली बाई... ती तिच्या उजवीकडे. आमच्या उजव्या हाताच्या लाल गाडीतला माणूस... तोसुद्धा स्वतःच्या उजवीकडेच.

चार गाड्या. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला.

लाल गाडीवाल्याने कुणालातरी हात केला. थांबला. मग हात हळूच खाली घेतला.

इंजिनं चालू होती, तरी इतकं शांत झालं...

चीं...ईं.



"मम," नील कुजबुजला. "देअर्स समवन ऑन माय राइट."

मी वाकून त्याच्या पलीकडे बघितलं. लाल गाडी. तिच्यापुढे पांढरी रेघ. रेघेवर मला कुणी दिसलं नाही. ते मी खोटं सांगणार नाही. मला फक्त थंडी कळली. हीटर चालू असताना.

"जा रे नील," शिरीष म्हणाला. "कुणी नाहीये तिथे."

नीलने आरशात बघितलं.

"बाबा, यू आर नॉट इव्हन लुकिंग."

मी मागे वळले. शिरीषने मान खाली घातली होती. डोळे गच्च मिटलेले. तो उजव्या खिडकीशी बसला होता आणि काचेवर, आतून नव्हे, बाहेरून... वाफ धरत होती. जवळून कुणी श्वास सोडल्यासारखी.

एक वाफ मावळली. दुसरी आली.

इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं. भीतीसुद्धा त्या रागातच कुठेतरी विरघळली. अख्खं गाव तिला अडाणी म्हणतंय. किराण्याच्या रांगेत म्हणतंय. बाप तिकडे पंक्चर काढता काढता स्वतःला विचारतोय, आपलं पोरीला काय शिकवायचं राहिलं. आणि हा सभ्य माणूस डोळे मिटून बसलाय!

"दाखव ना हात," मी म्हटलं. "नेहमी दाखवतोस. आता दाखव की."

शिरीषचा हात मांडीवरून उचलला गेला. अर्ध्यावर आला. परत खाली पडला.

"नाही जात ती," नील म्हणाला. मराठीत. तो मराठी क्वचित बोलतो. "हात केला तरी नाही जात आता."

त्याला वर्षभर काय माहीत होतं, ते मला तेव्हा कळलं. माझं सोळा वर्षांचं पोर. बापासाठी गप्प बसलेलं.

आणि फोन वाजला.

रविवार होता ना. माझा फोन गाडीला जोडलेला. पडद्यावर नाव आलं, विनिताचे बाबा. मी उचलला. आवाज अख्ख्या गाडीत घुमला.

"वहिनी, कसे आहात सगळे? थंडी काय म्हणते?"

"बरे आहोत दादा. गाडीत आहोत तिघं."

"अस्सं. गाडीत आहात, मग जास्त बोलत नाही." मागे त्यांच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं. फुस्स, फुस्स. "तेवढं एकच विचारायचं होतं..."

नेहमीसारखे ते थांबले.

मी फोन शिरीषकडे देऊ शकत नव्हते. द्यायची गरजही नव्हती.

चौकात अजून कुणी हललं नव्हतं.

एक सांगून ठेवते. त्यानंतर ती गेली की अजून तिथेच आहे, हे मला माहीत नाही. मॉरीन आता दुसऱ्या रस्त्याने जाते. मी जाते चौकातून, पण उजवीकडे बघताना आजही माझे हात गार पडतात.

"आमच्या पोरीचं," स्पीकरमधून आवाज आला, "चुकलं होतं का हो?"

काचेवरची वाफ मावळली नाही. तशीच धरून राहिली. श्वास रोखल्यासारखी.

"ती बाबांकडे बघतेय," नील म्हणाला.

शिरीषने डोळे उघडले. उजवीकडे बघितलं. किती तरी वेळ बघितलं.

"दादा," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "तिचं काही चुकलं नाही. ती थांबली होती. हात मी केला."