जुळणी केंद्र, टिळकवाडी

त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाला, "पत्रिका हाय. फोटो मागनं देतो… फोटोत मी तेवढा बरा येत न्हाय."

टिळकवाडीतल्या माझ्या नव्याकोऱ्या लॅबचा पहिला दिवस, आणि पहिला माणूस पत्रिका घेऊन!

"अहो, पेशंट कोण?"

"पेशंट कुठला? मी वर!"

"हे कॅन्सरवर काम करणारं स्टार्टअप आहे! गाठीतली जनुकं तपासून कुठल्या पेशंटला कुठलं औषध लागू पडेल, ते शोधतो आम्ही."

"मग पाटीवर कन्नडमध्ये 'वधू-वर केंद्र' कशाला लिवलंय?"

मी धावत बाहेर गेले. मराठीत मी ठेवलेलं नाव, 'जुळणी'. खाली इथल्या नियमाप्रमाणे कन्नड ओळ. पेंटर भरमाण्णानं फोनवर विचारलं होतं, "आक्का, जुळणी म्हंजे काय लिवू?" मी घाईत म्हणाले, "ज्याला त्याला त्याची जोडी शोधून देणं!" कन्नड मी बोलते फडाफडा, वाचायची मात्र बोंब. कोपऱ्यातल्या दोन गुंफलेल्या माळा बघून तर मी खूश झाले होते… वा, न सांगता डीएनए काढला!

तो लई हसला. स्वरूप त्याचं नाव, निपाणीच्या हायस्कुलात कन्नड शिकवणारा मराठी मास्तर. मग हसू आवरून म्हणाला,

"गाठ माझ्या आईलाच हाय, मॅडम. दोन औषधं झाली, लागू पडंनात. आता म्हणती, तुझं लग्न ठरल्याशिवाय तिसरं घेणार न्हाय. म्हणून तर आलतो."

मी त्याला आत नेऊन बसवलं.

"आईंचे कागद आणा. हॉस्पिटलात गाठीचा तुकडा मेणात जपलेला असेल, तो मागवू."

"आणि पत्रिका?"

"राहू दे… ड्रॉवरमध्ये." का म्हणाले, देव जाणे!

मग रोज फोन.

"अबोली मॅडम, जुळतंय का?"

"बघतेय अजून."

"आईचं विचारतोय हां मी."

"मीपण तेच सांगतेय!" माझे कान मात्र तापलेले.

भीतीही वाटायची. पहिलाच नमुना. काहीच सापडलं नाही तर या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू?

तीन आठवड्यांनी सापडलं. आईंच्या गाठीतल्या जनुकांच्या बदलावर चालणारी गोळी होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ती लिहून दिली. पण स्वरूपची आई, शालूबाई, हटून बसल्या, म्हणून मीच निपाणीला गेले.

"लगीन ठरू दे, मग गोळी," त्या डोक्याचा रुमाल आवळत म्हणाल्या.

"ठरलंय," स्वरूप म्हणाला.

"कुणासंगं रं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. कानाच्या पाळ्या लालेलाल!

"गोळी गिळवायला खोटं बोलतोस व्हय?"

"खोटं असतं तर…" तो अडखळला. "तर मॅडमनी पत्रिका कवाच परत केली असती की!"

दोघंही माझ्याकडं बघत राहिले. खरं सांगते, लॅबसाठी पैसेवाल्यांना पटवताना मी कधी घाबरले नव्हते, आता मात्र घाबरत घाबरत गोळीचं पाकीट उघडलं.

"आई… तुमचा मुलगा मला आवडतो," मी म्हणाले. "रिपोर्ट पक्का आहे."

शालूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हात पुढं केला. "आण गं पाणी."

तीन महिन्यांनी त्यांची गाठ निम्म्यावर आली. त्या दिवशी स्वरूप शिडी आणि रंगाचा डबा घेऊन लॅबवर हजर.

"पाटी दुरुस्त करू?"

"कर. काय काय चुकलंय?"

तो वर चढला, बराच वेळ वाचत राहिला, आणि भरमाण्णाची एक मात्रा तेवढी सुधारून खाली उतरला.

"बाकी बरोबर हाय," म्हणाला.