तिलाच विचारा

मतदान केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत होतं. बाहेर नॉर्वेतल्या बर्गेन शहराचा नेहमीचा पाऊस, धड कोसळत नाही आणि धड थांबतही नाही असा. आत ओल्या रेनकोटांचा वास. तिरिल रांगेतून टेबलापाशी पोचली आणि तिने आपलं ओळखपत्र पुढे केलं.

टेबलामागच्या बाईंनी ते घेतलं, तिरिलच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि तिच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या तिच्या आईला गोड हसून विचारलं, "हिला कळतं ना, कुणाला मत द्यायचं ते?"

तिरिल चोवीस वर्षांची होती. एका बालवाडीत नोकरी करत होती. तिला डाउन सिंड्रोम होता, आणि आपल्याबद्दलचे प्रश्न आपल्या डोक्यावरून आईकडे जाताना तिने लहानपणापासून पाहिले होते. उत्तर तिच्याकडे नेहमीच असायचं. शब्द जुळून यायला तेवढा जरा वेळ लागायचा. ती ते जुळवतच होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तिलाच विचारा ना! समोर तर उभी आहे."

तिरिलने गर्रकन वळून पाहिलं. पिवळा रेनकोट, कपाळावर चिकटलेले ओले केस, आणि डोळे... थेट तिच्यासारखे. बदामी, कडेला किंचित वर गेलेले. त्यालाही डाउन सिंड्रोम होता, हे तिला सांगावं लागलं नाही.

"मला बोलता येतं," ती फणकारली.

"माहितेय. पण तू बोलत नव्हतीस."

"बोलणार होते!"

"मग बोल की. मी कुठे अडवलंय?"

तिरिल टेबलाकडे वळली. गाल तापले होते, पण शब्द आता आपसूक आले. "मला कळतं. आणि मी कुणाला मत देणार, ते मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही."

बाई कानापर्यंत लाल झाल्या. "चुकलंच माझं," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी पडद्याआडची मत द्यायची जागा तिला दाखवली.

आई तिथूनच कामावर गेली. तिरिल बसथांब्यावर येऊन उभी राहिली, तर दोन मिनिटांत पिवळा रेनकोट शेजारी हजर.

"मी हाल्वोर."

"मी विचारलं नव्हतं."

"मग विचार ना."

तिने ओठ घट्ट मिटले, कारण हसू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

"कुणाला मत दिलंस?" त्याने विचारलं.

"ते गुप्त असतं."

"डोळ्यांत बघून ओळखू?"

"ओळखून दाखव."

तो वाकला. तिच्या डोळ्यांत बघत राहिला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता. आता पडेल, मग पडेल, म्हणून तिरिल त्या थेंबाकडेच बघत होती.

"काय दिसलं?"

"विसरलो..." हाल्वोर म्हणाला. "काय शोधत होतो, तेच विसरलो."

तेवढ्यात एक बस आली, थांबली आणि निघून गेली.

"ती तुझी होती?" तिरिलने विचारलं.

"हो."

"मग चढला का नाहीस?"

"बस काय, रोज येते," तो म्हणाला आणि एकदम बुटांकडे बघायला लागला.

हाल्वोर बंदराजवळच्या एका बेकरीत कणीक मळायचा. दुपारी सुट्टी झाली की कोटाच्या आत दालचिनीचे गरम पाव लपवून तो बालवाडीच्या फाटकाशी यायचा. तिरिल तेव्हा मुलांचे चिखलाने माखलेले रेनकोट वाळत घालत असायची. मुलं ओरडायची, "तिरिल, तुझा पाववाला आला!" आणि ती उगाच मुलांवर डाफरायची.

हिवाळा आला. दोघं एका हातमोज्यात दोन हात कोंबून टेकडीवर फिरायला लागली. एकदा वर पोचताना हाल्वोरला धाप लागली. तो बाकावर बसला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "लहानपणी माझं हृदय उघडून शिवलंय. इथून... इथपर्यंत."

"माझंही," तिरिल म्हणाली. "माझा व्रण जास्त लांब आहे."

"कशावरून?"

"मी म्हणते म्हणून."

"बघायला लागेल."

"आगाऊ!" तिने मूठभर बर्फ उचलला आणि त्याच्या कॉलरमध्ये घातला. तो किंचाळत पळाला, ती मागे धावली. शेवटी दोघं धापा टाकत एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. शिवलेली दोन्ही हृदयं धडधडत होती. कुठली धडधड कुणाची, ते काही कळेना.

एका रविवारी तो म्हणाला, "मला तुझ्याबरोबर राहायचंय. सकाळी उठल्यावर तू दिसायला हवीस."

"मी सकाळी फार वाईट दिसते."

"चालेल."

पण तसं चालणार नव्हतं. हाल्वोर राहायचा त्या इमारतीत मदतनीस असायचे, आणि तिथली प्रत्येक खोली एकट्यासाठी होती. पाहुण्यांनी रात्री दहाला निघायचं. शहरात तशीच नवी इमारत बांधायचं ठरत होतं, आणि तिच्यातली घरंही एकेकट्याचीच असणार होती. कुणी दोघं एकत्र राहतील, हे आराखडा काढणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं.

तिरिलच्या आईच्याही मनात ते कधी आलं नव्हतं. "भेटा, फिरा, मजा करा," बेरित म्हणाली. "पण संसार? उद्या त्याने तुझं मन मोडलं तर?"

"मोडलं तर माझं मोडेल ना, आई. तुझं नाही."

सिंकपाशी उभी राहून बेरित तोच कप पुन्हा पुन्हा धूत राहिली.

आणि त्याच आठवड्यात मन खरंच दुखावलं. हाल्वोर धावत आला, चेहरा उजळलेला. "नगरपालिकेच्या सभेत नव्या इमारतीचा विषय आहे! डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या आपल्या संघटनेला बोलायला दहा मिनिटं मिळालीत. मी सांगून टाकलं, तिरिल बोलणार म्हणून!"

तिरिलच्या हातातला ओला रेनकोट तसाच राहिला. "मला विचारलंस?"

"पण तू छान बोलतेस—"

"मला विचारलंस का, हाल्वोर?"

त्याने मान खाली घातली.

"आई माझ्या वतीने बोलते. डॉक्टर बोलतात. आता तूही? तू तर... तू तर माझ्यासारखा होतास!" तिचा आवाज फाटला. "जा तू."

तो गेला. जाताना दालचिनीचे पाव फाटकाच्या खांबावर ठेवून गेला. तिने ते मुलांना वाटून टाकले आणि स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही.

त्यानंतरच्या दुपारी रिकाम्या गेल्या. मुलंसुद्धा विचारेनाशी झाली. तिरिल फाटकाकडे पाठ करून कपडे वाळत घालायची आणि कान मात्र तिकडेच लावून ठेवायची.

बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला पिवळी फुलं दिसायला लागली, तेव्हा तो आला. रिकाम्या हातांनी. फाटकाबाहेरच उभा राहिला.

"मी संघटनेला सांगितलं, की मी तुला न विचारता नाव दिलं होतं. त्यांनी नाव काढलंय. तू म्हणालीस तर मी बोलेन. तू म्हणालीस तर कुणीच बोलणार नाही." त्याने फाटकावर हात टेकले. "तुला काय हवंय? मी विचारायला आलोय. आणि उत्तराची घाई नाही... मी थांबतो."

आणि तो खरंच थांबला. तिरिलने दोन रेनकोट चिमट्यांना अडकवले, एक चुकून उलटा. शब्द जुळत होते, आणि या वेळी मध्ये कुणी बोलत नव्हतं.

"मी बोलेन," ती शेवटी म्हणाली. "पण मला हवंय म्हणून. आणि आज पाव का नाही आणलेस?"

सभा जूनमध्ये होती. संध्याकाळ झाली तरी खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. गॅलरीत हाल्वोर पांढरा सदरा घालून बसला होता आणि त्याच्या शेजारी बेरित, पर्स मांडीवर घट्ट धरून.

तिरिल उभी राहिली. कागद नव्हता. सुरुवातीला बराच वेळ ती नुसतीच उभी होती. सभागृहात कुणीतरी खाकरलं. बेरित अर्धवट उठली. हाल्वोरने तिच्या हातावर हलकेच हात ठेवला आणि मान हलवली. ती परत बसली.

"माझं नाव तिरिल," तिरिल म्हणाली. "मी नोकरी करते. कर भरते. मतही देते. हाल्वोरवर माझं प्रेम आहे आणि मला त्याच्याबरोबर राहायचंय. आम्हाला मदत लागते. बिलं भरायला, डॉक्टरकडे जायला. ती मदत एकाच घरात दोघांनाही देता येईल. तुम्ही आमच्यासाठी घरं बांधता, म्हणून आभार. पण ती बांधताना आमच्यातल्या कुणाला विचारलंत का, की एकटं राहायचंय का?"

मग एक पिकल्या केसांचे सदस्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळ, तुझ्या भावना कळतात. पण तुमची भांडणं झाली तर? मग काय करायचं?"

"झालंय आमचं भांडण," तिरिल म्हणाली. "मोठं झालं. मग त्याने माफी मागितली आणि मिटलं. तुमचं होतं का बायकोशी?"

सभागृहात हशा पिकला. सदस्यही हसले. "होतं की. हवं तेवढं."

"मग तुमचं घर कुणी काढून घेतं का?"

हसू विरलं. त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मतदान झालं तेव्हा नव्या इमारतीत जोडप्यांसाठीही घरं असावीत, या बाजूने सर्वांत आधी त्यांचाच हात वर गेला. मग बाकीचे. सगळे नाही, पण पुरेसे.

बेरितने लेकीला पायऱ्यांवर गाठून मिठी मारली. डोळे पुसत म्हणाली, "पडदे मी शिवणार. एवढं तरी करू देशील?"

"रंग आम्ही ठरवू," तिरिल म्हणाली. बेरित हसत हसत गाडी आणायला गेली.

हाल्वोर मात्र दोन पायऱ्या खाली, तोंड फिरवून उभा होता.

"काय झालं? जिंकलो ना आपण?"

"जिंकलो." तो अजून वळला नव्हता. "तू त्या सगळ्यांना सांगितलंस, की माझ्यावर तुझं प्रेम आहे. त्या चष्मेवाल्या आजोबांनासुद्धा. मला... मला अजून एकदाही नाही सांगितलंस."

तिरिल थबकली. खरंच की. तिने त्याला आगाऊ म्हटलं होतं, जा म्हटलं होतं, बर्फ घातला होता. हे मात्र राहूनच गेलं होतं.

ती एक पायरी उतरली, मग दुसरी. त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवला. या वेळी शब्द अगदी तयार होते, ओठांवरच होते. तरी तिने जरा वेळ घेतला, मुद्दाम. कारण तो वाट बघत होता, आणि वाट बघताना फार गोड दिसत होता.

मग ती त्याच्या कानाशी वाकली आणि तिने त्याला सांगितलं.

"पुन्हा," हाल्वोर म्हणाला.