एक पट्टा परत आला नाही

गॅरेजचं काम अर्धवट टाकून भरदुपारी तो ताईचा कॉम्प्युटर न्यायला निघाला. ताई जाऊन महिना झाला होता. तिची वस्तू परक्या खोलीत पडून आहे, हे अचानक त्याच्या डोक्यात गेलं. बस, नखांतल्या ग्रीससकट निघाला.

इस्पितळामागच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. गार हवेला जळक्या धुळीचा वास होता. ताईचे सर एकटेच कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसले होते.

"आलास का, पानेवाल्या?"

ताई त्याला तसंच चिडवायची. त्याला भडभडून आलं, आणि रागही आला.

"कॉम्प्युटर द्या. चाललो मी."

"जरा थांब, राजा. तिचा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चालतच नाही. लिहिलेलं मशीनच्या भाषेत आणणारा तिथला कंपायलर नवा, तिचं लिखाण जुन्या वळणाचं. एवढी चूक सापडू दे, मग तुझाच."

तो तिच्या खुर्चीत बसला. टेबलावर सवयीने दोनदा टकटक केली. लहानपणी दोघांच्या खोल्यांत एकच भिंत होती. दोन टकटक म्हणजे 'झोपलीस का?' पलीकडून एक आली, की ताई जागी.

चूक बेरजेत होती. अभ्यासासाठी लोकांनी छातीला पट्टे बांधले होते. पट्टा हृदयाचे ठोके मोजून इथे पाठवायचा. सगळ्यांच्या ठोक्यांची बेरीज दिसायची, तिथे महिनाभर नुसतं 'माहिती नाही' येत होतं.

"मीटर फिरला असेल," तो म्हणाला. "जुन्या गाडीत सगळे नऊ झाले की शून्य येतं."

"तेच रे! आकड्याला दिलेली जागा भरली. फक्त हे शून्यावर जात नाही, सरळ हात वर करतं."

सरांनी जागा मोठी केली. कंपायलर अडला, कुरकुरला, शेवटी पुढे गेला. लांबलचक आकडा उमटला. सर हसले... आणि हसता हसता थांबले.

शेवटचा अंक बदलत होता.

"अभ्यास तर संपलाय," ते हळूच म्हणाले. "सगळे पट्टे त्या कपाटात आहेत. एक सोडून..."

त्यांनी एकेका माणसाचा आकडा उघडला. बाकी सगळे आकडे थांबलेले. ताईचा तेवढा वाढत होता.

तिने स्वतःलाही पट्टा बांधला होता. ती गेली तेव्हा नर्स तो काढायला लागली, तर यानेच तिचा हात झटकला होता. तिचा आहे, तिच्याजवळ राहू दे. पट्ट्यासकट तिला मातीत ठेवलं.

"बॅटरी आठवडाभरच टिकते रे..."

आकडा सरकला. बऱ्याच वेळाने पुन्हा सरकला. गाढ झोपेतल्या माणसासारखा.

"माझंच काहीतरी चुकलं असेल..." म्हणत सरांनी वायर खेचली. पडदा काळा झाला.

"ताई!" तो किंचाळला. सरांना ढकलून त्याने वायर परत लावली. मशीन जागं होईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागला होता.

आकडा आला. मधल्या अंधारातले ठोकेही त्यात जमा होते. आणि आता तो धावत होता, कुणीतरी दचकून उठल्यासारखा.

"हात लावू नकोस..." सर कुजबुजले.

त्याने ऐकलं नाही. टेबलावर दोनदा टकटक केली.

आकडा जागच्या जागी थांबला.

मग एकाने वाढला.