रिव्हर्समध्ये चालणारी नाव

मोबाइल ठेवा बाजूला, नाहीतर मी निघालो झोपायला. हसायचं असेल तर आताच हसून घ्या. ही आपल्या झुलाल भोईची हकीकत आहे, तापीवर नाव चालवायचा तो. मी एसटीत ड्रायव्हर होतो तेव्हापासून आमचं जाणंयेणं. त्याच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

बंधारा झाल्यापासून शिंदखेड्याच्या बाजूला तापीत भरपूर पाणी असतं. पूल लांब, म्हणून शिरपूरकडे जायला लोक झुलालच्या नावेत बसायचे, मोटारसायकलीही चढवायचे. नावेला जुनं डिझेल इंजिन होतं, विहिरीवर असतं तसलं, हँडल मारून चालू होणारं. गेल्या दिवाळीनंतर ते बसलं ते बसलंच. झुलाल धुळ्याला रहीम मिस्तरीकडे गेला. रहीम म्हणाला, नवं कशाला, भंगारबाजारात गाडीचं इंजिन बघू. एका मोटारीचं मिळालं, अगदी ठणठणीत. रहीमनं विचारलं, एवढी चांगली गाडी भंगारात का आली? भंगारवाला म्हणाला, मालकाला नको होती. पुढे कोणी विचारलं नाही.

रहीमनं नदीवरच मुक्काम ठोकला. रेडिएटर काढून टाकला, नदीचंच पाणी पाइपानं इंजिनात फिरवलं, गिअरबॉक्स नावेखाली पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्याला जोडला. नारळ फोडून झुलालनं पहिला गिअर टाकला, तर नाव निघाली मागे! काठावरचे लोक हसून हसून बेजार. गाडीचं इंजिन जुन्या पंख्याला उलटं फिरवत होतं. नवा पंखा मागवायचा तर वेळ लागणार. रहीम म्हणाला, तोवर रिव्हर्स टाकून चालव, नाव सरळ जाईल. आणि गेली की सरळ. रिव्हर्समध्ये नदी ओलांडणारा माणूस म्हणून मीसुद्धा त्याला चिडवायचो.

आता नीट ऐका. गाडी मागे घेताना आपण काय करतो? एकाला मागे उभं करतो. तो "येऊ दे, येऊ दे" म्हणत राहतो. जागा संपली की गाडीवर दोन थापा मारतो आणि "बस" म्हणतो. ड्रायव्हरचा सगळा भरवसा त्या एका आवाजावर असतो. मी जन्मभर स्टिअरिंग धरलंय, मला विचारा.

झुलालला तो आवाज पहिल्याच आठवड्यात ऐकू आला. समोरून, पाण्यावरून. येऊ दे... येऊ दे... त्याला वाटलं, काठावरचं कोणीतरी चेष्टा करतंय. मग एकदा भर नदीत, दोन्ही काठ लांब असताना ऐकू आला. तो घाबरला, पण घरात बोलला नाही. पोरगी कामिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, तिच्या जिवाला घोर कशाला?

मार्गशीर्षातली अमावस्या होती. जेवणं आटोपली होती आणि कामिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावातली नर्स म्हणाली, बाळ आडवं आहे, इथे माझ्याच्यानं होणार नाही, ताबडतोब शिरपूरला न्या. पुलावरून जायचं तर उशीर झाला असता. जावई ललित पलीकडेच राहायचा. तो गाडी घेऊन काठावर येऊन थांबला. झुलालनं पोरीला नावेत निजवलं. तिची आई उशाशी बसली. इंजिन चालू केलं. रिव्हर्स टाकला.

पाण्यावर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसेना. ललितची बॅटरी दिसेना.

येऊ दे...

झुलालला बरं वाटलं. जावई हाका मारतोय असं समजून त्यानं आवाजाच्या रोखानं नाव सोडली.

येऊ दे... येऊ दे...

आवाज जवळ येईना. लांबही जाईना. नाव जेवढी पुढे जाई, तेवढाच तो पुढे. झुलालला कळलं, हा ललित नव्हे. पण थांबायचं कसं? थांबलो तर पोरगी हातची जाईल. त्यानं वेग आणखीच वाढवला.

कामिनीनं त्याचा हात धरला. "आबा... पुढे कोन शे? तो बस म्हनी राहिना."

पुढे कोणीतरी 'बस' म्हणतंय, असं ती सांगत होती. झुलालला इंजिनाच्या आवाजात 'बस' काही ऐकू आलं नव्हतं. तो म्हणाला, पडून राहा.

तेवढ्यात नावेच्या फळीवर थाप पडली. बाहेरून. पाण्याच्या बाजूनं.

धप्.

धप्.

"बस."

हे त्यालाही ऐकू आलं. त्यानं इंजिन बंद केलं. नाव घसरत गेली... थांबली. सगळं गप्प. बायकोनं बॅटरी मारली.

हातभर अंतरावर काळा दगड. बंधाऱ्यात बुडालेल्या जुन्या महादेवाच्या देवळाचं शिखर. संध्याकाळी पाणी सोडलं होतं, पातळी उतरली होती आणि शिखर वर आलं होतं. त्या वेगात धडकले असते तर तिघंही तिथेच बुडाली असती.

मग झुलालनं वल्हं मारत नाव पलीकडे नेली. नात झाली. दोघी सुखरूप आहेत. आता तुम्ही म्हणाल, संपलं. संपलं असतं तर मला झोप लागली असती रे.

झुलालनं हे सगळं सांगितल्यापासून रहीमच्या डोक्यातून ते जाईना. त्यानं भंगारवाल्याकडून मालकाचा पत्ता काढला. धुळ्याचाच दीपक नावाचा माणूस. घराच्या बोळातून गाडी मागे काढत होता, मोठा भाऊ योगराज मागे उभा राहून सांगत होता. दीपकनं काचा बंद करून गाणी लावलेली. भाऊ भिंत आणि गाडीच्या मध्ये सापडला. जागच्या जागी गेला.

रहीमनं सांगितल्यावर तो दीपक एका दिवेलागणीला नवी गाडी घेऊन नदीवर आला. रहीमही तिथेच होता. झुलालनं नाव त्या रात्रीनंतर पाण्यात घातलीच नव्हती. दीपकनं इंजिनाला हात लावला. मग एवढंच विचारलं, "तो बस म्हणाला?"

"म्हणाला," झुलाल म्हणाला. "थापाही मारल्या."

दीपक तिथेच वाळूत बसला. "मी आईला सांगितलं, दादा काही बोललाच नाही. पोलिसांना तेच सांगितलं. मलाही तेच खरं वाटत होतं." मग म्हणाला, "म्हणाला असेल. मलाच ऐकू गेलं नसेल."

झुलालला त्याची फार कीव आली.

दीपक निघाला. गाडीचं तोंड नदीकडे, वाट अरुंद, मागे घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. एरवी कोणीही मागे उभं राहिलं असतं. त्या दिवशी झुलाल हलला नाही. रहीमही हलला नाही.

दीपकनं सगळ्या काचा खाली केल्या. रिव्हर्स टाकला.

गाडी मागे सरकली... सरकत राहिली...

आणि त्यानं कचकन ब्रेक मारला. खिडकीतून मान बाहेर काढून तो मागे बघत राहिला. या दोघांना काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं.

झुलाल भीत भीत मागे गेला. चाकामागे कड तुटलेली, खाली खोल घळ. आसपास माणूस नाही, पाऊल नाही.

मागच्या काचेवर धूळ होती. धुळीत दोन तळहात उमटले होते... ओले. पाणी अजून खाली ओघळत होतं.